क्ष-किरणांचे जनक : व्हिल्हेल्म राँटगेन

खोकला महिनाभर हटला नाही, हात मोडला, पाठीचा कणा दुखू लागला किंवा लहान मुलाने नाणे गिळले, की डॉक्टर सर्वप्रथम फोटो काढून आणावयास सांगतात. त्या काळ्या फिल्मकडे प्रकाशासमोर धरून पाहताना आपल्याला त्यातले फारसे कळत नाही, परंतु डॉक्टरांना जे हवे असते ते तेथे दिसते. शरीरावर शस्त्र न चालविता शरीराच्या आत पाहण्याची ही सोय मानवजातीला 1895 सालापर्यंत नव्हती. तत्पूर्वी हाताने चाचपणे, रुग्णाच्या वेदनेवरून अंदाज बांधणे आणि शेवटी शरीर चिरून पाहणे एवढेच मार्ग वैद्यांपुढे होते. ज्या एका माणसाच्या अभ्यासामुळे हे चित्र अवघ्या काही आठवड्यांत पालटले, त्या व्हिल्हेल्म कॉनराड राँटगेन यांच्या जीवनाची व संशोधनाची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावी, या हेतूने हा लेखनप्रपंच. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर व व्यवसायाने कापड-व्यापारी असल्याने शास्त्रीय भाग जितका सोपा करता येईल तितका केला आहे.

राँटगेन यांचा जन्म 27 मार्च 1845 रोजी जर्मनीतील लेनेप या गावी झाला. हे गाव लोकरी कापडाच्या धंद्यासाठी प्रसिद्ध होते आणि राँटगेन यांचे वडील फ्रीड्रिख हे कापडाचे उत्पादक व व्यापारी होते. कापडाच्या गाठी, रंगांचे नमुने आणि हिशेबाच्या वह्या यांच्या सान्निध्यात वाढलेला हा एकुलता एक मुलगा पुढे पदार्थविज्ञानाकडे वळला, याचे आम्हा कापडवाल्यांना विशेष कौतुक वाटते. मातोश्री शार्लोट या मूळच्या लेनेपच्याच, परंतु ॲमस्टरडॅमला स्थायिक झालेल्या घराण्यातील. मुलगा तीन वर्षांचा असताना, 1848 मध्ये, हे कुटुंब हॉलंडमधील अपेलडूर्न या गावी राहावयास गेले. बालपणी त्यांनी विशेष बुद्धिमत्तेची चमक दाखविल्याची नोंद नाही. मोकळ्या माळावर व रानात भटकणे आणि हाताने यंत्रे, खेळणी बनविणे यांत मात्र ते रमत असत. हातांची ही सवय त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली. आपली बहुतेक उपकरणे ते स्वतः तयार करीत.

उट्रेख्ट येथील तांत्रिक शाळेत शिकत असताना त्यांच्यावर एक प्रसंग ओढवला. वर्गात कोणीतरी एका शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. चित्र काढणाऱ्याचे नाव राँटगेन यांना ठाऊक होते, परंतु ते सांगण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले, असे सांगितले जाते. परिणामी विद्यापीठ प्रवेशासाठी लागणारे शालान्त प्रमाणपत्र त्यांना कधीच मिळाले नाही. या एका कागदाने त्यांचा पुष्कळ काळ पिच्छा पुरविला.

स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत मात्र असे प्रमाणपत्र नसलेल्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळू शकत असे. तेथे 1865 मध्ये त्यांनी यंत्र-अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि 1869 मध्ये झुरिक विद्यापीठाची डॉक्टरेट वायूंवरील प्रबंधाला मिळविली. प्राध्यापक ऑगस्ट कुंट यांनी या तरुणाची प्रयोगातील हातोटी हेरली व त्याला आपला सहायक केले. 1870 मध्ये कुंट यांच्यासमवेत ते वुर्झबुर्ग विद्यापीठात गेले. तेथे अध्यापनाचा अधिकार मिळावा म्हणून अर्ज केला, तेव्हा शाळेचे प्रमाणपत्र नाही या कारणास्तव विद्यापीठाने तो नाकारला. पुढे स्ट्रासबुर्ग येथे 1874 मध्ये त्यांना हा अधिकार मिळाला. होहेनहाइमची कृषी संस्था, पुन्हा स्ट्रासबुर्ग आणि 1879 पासून गीसेन, असा प्रवास करीत ते नावारूपास आले. ज्या वुर्झबुर्गने त्यांना दारातून परत पाठविले होते, त्याच विद्यापीठाने 1888 मध्ये त्यांना पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून सन्मानाने बोलावून घेतले आणि 1894 मध्ये कुलप्रमुखपद दिले.

जानेवारी 1872 मध्ये त्यांचा विवाह ॲना बेर्टा लुडविग यांच्याशी झाला. त्यांच्या वडिलांची झुरिकमध्ये खानावळ होती व तेथे विद्यार्थ्यांचा राबता असे. बेर्टाबाई राँटगेन यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या होत्या. या दांपत्याला अपत्य झाले नाही. बेर्टाबाईंच्या भावाची सहा वर्षांची मुलगी जोसेफिन हिला त्यांनी 1887 मध्ये घरी आणून आपली मुलगी म्हणून वाढविले.

क्ष-किरणांच्या शोधाकडे पाहताना अनेकांना तो केवळ नशिबाचा भाग वाटतो. वस्तुस्थिती तशी नाही. 1895 पर्यंत राँटगेन यांचे चाळीसहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले होते. वायूंची विशिष्ट उष्णता, स्फटिकांतून होणारे उष्णतेचे वहन, द्रवांवरील दाबाचे परिणाम अशा, बाहेरच्या माणसाला रूक्ष वाटतील अशा विषयांवर त्यांनी अतिशय काटेकोर मोजमापे केली होती. विद्युत् क्षेत्रात निरोधक पदार्थ फिरविला असता चुंबकीय परिणाम घडतो, हे त्यांनी 1888 मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. हा परिणाम इतका सूक्ष्म होता की तो दिसण्यासाठी कमालीची चिकाटी लागत होती. एवढ्या तयारीचा माणूस त्या खोलीत नसता, तर पुढची घटना घडूनही कोणाच्या लक्षात आली नसती. आणि खरोखरच तसे घडलेलेही आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे प्राध्यापक गुडस्पीड यांच्या प्रयोगशाळेत 1890 मध्येच एका छायाचित्रण-काचेवर चमत्कारिक छाया उमटली होती. ती बाजूला ठेवून देण्यात आली आणि तिचा अर्थ सहा वर्षांनी, राँटगेन यांचा निबंध वाचल्यावर, उलगडला. गुडस्पीड यांनी श्रेयावर हक्क सांगितला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आता तो दिवस. शुक्रवार, 8 नोव्हेंबर 1895 ची संध्याकाळ. राँटगेन यांचे वय पन्नास वर्षांचे होते. जवळजवळ सर्व हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीतून उच्च दाबाची वीज सोडली असता ऋण किरण निर्माण होतात, हे त्यापूर्वीच ज्ञात होते आणि युरोपातील अनेक प्रयोगशाळांत त्यांचा अभ्यास चालू होता. राँटगेन यांनी आपली नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकली होती व खोलीत अंधार केला होता. नळीतून वीज सोडताच काही अंतरावर असलेला, बेरियम प्लॅटिनोसायनाइड या रसायनाचा लेप दिलेला कागदी पडदा चमकू लागला. वीज बंद केली की चमक नाहीशी होई, पुन्हा सुरू केली की परत येई. पडदा दोन मीटर दूर नेला तरी तो चमकतच राहिला. येथेच त्यांच्या अनुभवाचा कस लागला. प्रकाश काळ्या पुठ्ठ्यातून बाहेर येणे शक्य नव्हते, आणि ऋण किरण हवेत काही सेंटिमीटरांपलीकडे जात नाहीत हे त्यांना ठाऊक होते. मग पडद्यापर्यंत पोहोचत होते ते तिसरेच काहीतरी असले पाहिजे.

यानंतरचे सात आठवडे राँटगेन यांनी कोणाला काही सांगितले नाही. प्रयोगशाळेच्या वरच्याच मजल्यावर त्यांचे निवासस्थान होते, तरी ते जेवणासाठीसुद्धा अनिच्छेनेच वर येत आणि झोपण्याची व्यवस्थाही त्यांनी प्रयोगशाळेतच केली होती. आपल्याला भ्रम तर झालेला नाही ना, ही शंका त्यांना छळीत होती. एखादी वस्तू विकत घेताना आपण ती उलटसुलट करून, ताणून, उजेडात धरून पाहतो, तसे त्यांनी या अज्ञात किरणांना पाहिले. हजार पानांचे पुस्तक मध्ये धरले, पत्त्यांचे जोड धरले, लाकडाच्या फळ्या धरल्या. किरण पार गेले. पंधरा मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियममधून ते बरेच क्षीण होऊन पार झाले. दीड मिलिमीटर जाडीच्या शिशाने मात्र त्यांना जवळजवळ पूर्ण अडविले. लोहचुंबकाने ते वळत नाहीत, सरळ रेषेत जातात आणि छायाचित्रणाच्या काचेवर परिणाम करतात, हे त्यांनी एकेक करून नोंदविले. हात मध्ये धरला तेव्हा मांसाची फिकट छाया व तिच्या आत हाडांची गडद छाया दिसली. गणितात अज्ञात राशीला जे अक्षर देतात तेच त्यांनी या किरणांना दिले, म्हणून इंग्रजीत ते एक्स-रे झाले. मराठीत त्याच धर्तीवर क्ष हे अक्षर आले आणि क्ष-किरण हा सुटसुटीत शब्द रूढ झाला.

22 डिसेंबर 1895 रोजी त्यांनी बेर्टाबाईंना प्रयोगशाळेत बोलावले आणि सुमारे पंधरा मिनिटे हात काचेवर स्थिर ठेवावयास सांगितले. काच धुतल्यावर बोटांची हाडे आणि एका बोटातील अंगठी स्पष्ट दिसू लागली. आपलाच सांगाडा पाहून त्या माउलीला मृत्यूचे दर्शन झाल्यासारखे वाटले व ती घाबरली, असे सांगतात. वैद्यकीय प्रतिमाशास्त्राच्या इतिहासाचा प्रारंभ या चित्रापासून धरला जातो.

28 डिसेंबर रोजी त्यांनी वुर्झबुर्गच्या भौतिक-वैद्यक मंडळाकडे आपला निबंध दिला. नाताळच्या सुटीमुळे सभा नव्हती, तरी तो तातडीने छापण्यात आला. क्रमांक घातलेल्या सतरा लहान परिच्छेदांचा हा निबंध आजही आदर्श मानला जातो. त्यात एकही अलंकारिक वाक्य नाही. काय केले व काय दिसले एवढेच आहे. शेवटी या किरणांच्या स्वरूपाविषयी त्यांनी एक तर्क मांडला होता, तो मात्र पुढे चुकीचा ठरला. तर्क चुकला, परंतु निरीक्षणे टिकली.

1 जानेवारी 1896 रोजी निबंधाच्या प्रती व छायाचित्रे मित्र-शास्त्रज्ञांना टपालाने रवाना झाली. व्हिएन्नाच्या एका मित्राकडून ही बातमी तेथील वृत्तपत्राकडे गेली आणि 5 जानेवारीला छापून आली. त्यानंतर ती जगभर पसरली. 13 जानेवारीला बर्लिनमध्ये खुद्द कैसरसमोर प्रात्यक्षिक झाले. 23 जानेवारीला वुर्झबुर्ग येथे राँटगेन यांनी या विषयावर व्याख्यान दिले, तेव्हा वयोवृद्ध शरीरशास्त्रज्ञ कोलिकर यांच्या हाताचे छायाचित्र सभेतच घेण्यात आले. कोलिकर यांनी या किरणांना राँटगेन यांचे नाव द्यावे असे सुचविले व टाळ्यांच्या कडकडाटात ते मान्य झाले. जर्मनीत ते नाव रूढ झाले. राँटगेन स्वतः मात्र क्ष-किरण असेच म्हणत राहिले.

केवळ 1896 या एका वर्षात या विषयावर हजाराहून अधिक लेख व एकोणपन्नास पुस्तके-पुस्तिका प्रसिद्ध झाल्या. ज्या कोणाकडे निर्वात नळी व वेटोळे होते तो प्रयोग करू लागला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच अमेरिकेत एका मुलाच्या मोडलेल्या मनगटाचे चित्र घेण्यात आले. आपल्या देशातही ही विद्या लवकर आली. वायव्य सरहद्दीवरील तिराहच्या मोहिमेत 1897-98 मध्ये लष्करी शल्यचिकित्सक बीव्हर यांनी जखमींच्या शरीरातील गोळ्या शोधण्यासाठी हे यंत्र वापरले, आणि कलकत्त्यात जगदीशचंद्र बसू यांनी स्वतः असे यंत्र तयार केले होते. लोकांत मात्र भलत्याच कल्पना पसरल्या. कपड्यांच्या आरपार पाहणारे चष्मे निघणार, अशी भीती निर्माण झाली आणि लंडनमधील एका दुकानदाराने क्ष-किरण शिरणार नाहीत अशा वस्त्रांची जाहिरात दिली, असे म्हणतात. धंदेवाईकाची नजर कोठेही संधी शोधते, हे त्यावरून दिसते!

येथे राँटगेन यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय येतो. या शोधाचे एकस्व घेतले असते तर ते अमाप धनवान झाले असते. मोठ्या विद्युत् कंपनीकडून विचारणाही झाली. राँटगेन यांनी नकार दिला. विद्यापीठातील माणसाने लावलेले शोध सर्वांचे असतात, ते एका कंपनीच्या परवान्यात बांधले जाऊ नयेत, अशी त्यांची धारणा होती. आपल्या परंपरेत याला परिग्रहाची मर्यादा म्हणता येईल. वडिलांच्या कापडधंद्यातून आलेली संपत्ती त्यांच्यापाशी होती, त्यामुळे त्यांना पोटाची चिंता नव्हती, हेही खरे. पण ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी नको असते, असा अनुभव व्यापारात तरी येत नाही. या निर्णयाचा परिणाम असा झाला की काही महिन्यांतच लहानमोठ्या कारखानदारांनी नळ्या व यंत्रे बनविण्यास सुरुवात केली आणि हे साधन राजवाड्यांपुरते न राहता साध्या इस्पितळांपर्यंत पोहोचले. बव्हेरियाच्या राजाने त्यांना मानचिन्ह दिले ते त्यांनी स्वीकारले, परंतु त्याबरोबर मिळणारी, नावामागे लावावयाची उमरावी उपाधी घेतली नाही. 1901 मध्ये नोबेल पारितोषिके प्रथमच देण्यात आली. पदार्थविज्ञानाचे पहिले पारितोषिक राँटगेन यांना मिळाले. ते स्टॉकहोमला गेले, पारितोषिक घेतले, परंतु प्रथेप्रमाणे व्याख्यान दिले नाही. पारितोषिकाची रक्कम त्यांनी वुर्झबुर्ग विद्यापीठाला संशोधनासाठी दिली.

त्यांच्या स्वभावातील काही गोष्टी पचनी पडत नाहीत, त्याही सांगितल्या पाहिजेत. त्यांना शिकारीचा छंद होता. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे खटकल्यावाचून राहत नाही. योगायोग असा की, आपल्या शिकारीच्या बंदुकीचेही त्यांनी क्ष-किरण चित्र घेतले होते आणि त्यात धातूच्या आतील रचना दिसली होती. धातूच्या तुकड्यातील दोष या किरणांनी दिसतो, याचा उल्लेख तर त्यांच्या पहिल्या निबंधातच आहे. आज ओतकामातील पोकळी किंवा वेल्डिंगच्या जोडातील चीर शोधण्यासाठी जी क्ष-किरण तपासणी होते, तिचे मूळ येथे आहे. आपल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार बंधूंना ही तपासणी नवी नाही.

दुसरी गोष्ट फिलिप लेनार्ड यांच्याशी झालेल्या वादाची. लेनार्ड हे ऋण किरणांवरील मोठे अभ्यासक होते. नळीविषयी त्यांनी राँटगेन यांना साहाय्य केले होते व त्याबद्दल निबंधात आपले आभार मानले नाहीत, याचा त्यांनी जन्मभर राग धरला. राँटगेन यांनी लेनार्ड यांच्या प्रयोगांचा नामोल्लेख केलेला आहे, परंतु साहाय्याबद्दल आणखी एक वाक्य लिहिले असते तर बिघडले नसते, असे आम्हास वाटते. शोधाचे श्रेय मात्र निःसंशय राँटगेन यांचेच, कारण तेच किरण लेनार्ड यांच्याही प्रयोगशाळेत होते आणि ते त्यांनी ओळखले नाहीत.

क्ष-किरणांवर राँटगेन यांनी एकंदर तीनच निबंध लिहिले. तिसरा 1897 मधला. त्यानंतर ते पुन्हा आपल्या स्फटिकांकडे व मोजमापांकडे वळले. परंतु त्यांच्या कामाने इतरांना जे मार्ग दाखविले त्यांची गणना करणे कठीण आहे. क्ष-किरणांची बातमी ऐकूनच बेक्वेरेल यांनी पॅरिसमध्ये प्रयोग केले आणि 1896 मध्ये युरेनियमची किरणोत्सारिता सापडली. त्यातूनच मेरी क्युरी यांचे कार्य उभे राहिले. पहिल्या महायुद्धात याच मेरी क्युरी यांनी मोटारगाड्यांत क्ष-किरण यंत्रे बसवून रणभूमीजवळ नेली. राँटगेन 1900 मध्ये म्यूनिकला गेले. तेथेच 1912 मध्ये लाउए यांच्या कल्पनेनुसार फ्रीड्रिख व क्निपिंग यांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडले आणि ते प्रकाशासारख्याच, परंतु अत्यंत लहान लांबीच्या लहरी आहेत हे सिद्ध केले. त्यांपैकी फ्रीड्रिख हे राँटगेन यांचेच विद्यार्थी. याच तंत्राने 1953 मध्ये डीएनएची रचना उलगडली आणि 1954 मध्ये मद्रासला गो. ना. रामचंद्रन यांनी कोलॅजन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली. 1971 मध्ये लंडन येथे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले, तेही क्ष-किरणांच्याच आधाराने.

या विद्येची किंमतही मोजावी लागली. प्रारंभी हे किरण निरुपद्रवी समजले गेले. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली हे नळीसमोर वारंवार स्वतःचा हात धरीत. त्यांचे हात कापावे लागले आणि 1904 मध्ये ते मरण पावले. एडिसन यांनी त्यानंतर या विषयाला हात लावला नाही. हँबर्ग येथे 1936 मध्ये अशा हुतात्म्यांचे स्मारक उभारले गेले, त्यावर प्रारंभी 169 नावे होती. त्यांत डॉक्टर, तंत्रज्ञ, परिचारिका आहेत. राँटगेन बचावले, कारण ते जस्ताच्या पत्र्याच्या खोलीवजा पेटीत बसून प्रयोग करीत. आज क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ शिशाचा ॲप्रन वापरतो, दाराबाहेर थांबावयास सांगतो आणि गरोदर भगिनींना आधी विचारणा करतो, त्यामागे या माणसांचे बलिदान आहे. डॉक्टरांनी नको म्हटलेले असताना, मनाची खात्री म्हणून पुन्हा पुन्हा फोटो काढण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

राँटगेन यांचे अखेरचे पर्व सुखाचे नव्हते. 1914 मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा जर्मनीच्या समर्थनार्थ निघालेल्या विद्वानांच्या पत्रकावर त्यांनी सही केली, तिचा त्यांना नंतर पश्चात्ताप झाला. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने दिलेले सुवर्णपदक त्यांनी युद्धनिधीला देऊन टाकले. दीर्घ आजारानंतर 1919 मध्ये बेर्टाबाई निवर्तल्या. 1920 मध्ये ते सेवानिवृत्त झाले. युद्धोत्तर चलनवाढीत त्यांची बचत विरघळून गेली, आणि विद्यापीठाला दिलेल्या नोबेल पारितोषिकाच्या रकमेचेही मोल उरले नाही. ज्याच्या एका सहीने कोट्यधीश होता आले असते, तो माणूस उतारवयात काटकसरीने राहत होता. त्याबद्दल त्यांनी तक्रार केल्याचे कोठे आढळत नाही.

10 फेब्रुवारी 1923 रोजी आतड्याच्या कर्करोगाने म्यूनिक येथे त्यांचे निधन झाले. अस्थी गीसेन येथील जुन्या स्मशानभूमीत आई-वडील व पत्नी यांच्याशेजारी ठेवण्यात आल्या. आपली प्रयोगांची टिपणे व पत्रे जाळून टाकावीत, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. त्याप्रमाणे ती जाळण्यात आली.